एकही रोजा कजा नाही

“आपा, या रमजानमध्ये हिचा एकही रोजा सुटला नाही!” माझ्या जुन्या विद्यार्थिनीची अम्मी कौतुकाने सांगत होती. मीही शाबासकी दिली. मग मनात आलं, वीस वर्षांच्या मुलीचे सगळे रोजे पूर्ण, म्हणजे महिनाभर पाळीच आली नाही. हळूच विचारलं. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येत होती, हनुवटीवर केसही वाढत होते.

डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलं, गोळ्या दिल्या, पाळी महिन्याला येऊ लागली. घरात विषय संपला. अम्मीला एकच काळजी उरली, निकाहनंतर मूल होईल ना? पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांना मुलं होतात, कधी औषधाची मदत लागते. मला काळजी होती ती शुगरची.

पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. त्यामुळे पाळी लांबते, केस वाढतात. गोळ्यांनी पाळी येते, गर्भाशयाचं अस्तरही जाड होत नाही, म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. पण शुगरचा हिशेब तसाच राहतो.

“ही तर सुकलेली, हिला कसली शुगर?” अम्मी म्हणाली. हाच गैरसमज आहे, बारीक मुलींनाही हा धोका असतो. हिची मान काळी पडली होती. अम्मी बेसन-लिंबू लावून घासायची, बाकी वेळ ओढणीखाली झाकलेली. तो मळ नव्हता. वाढलेल्या इन्सुलिनची ती खूण असू शकते.

उपाशीपोटी शुगर 92 आली, म्हणजे ठीक. पण डॉक्टरांनी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा 158! 140 च्या आत हवी. 200 ला मधुमेह धरतात, मधली पायरी ही सावध होण्याची. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पीसीओएस कळताच शुगर तपासावी, मग दर एक ते तीन वर्षांनी. ब्लड प्रेशर दरवर्षी. गर्भ राहण्याआधीच ही तपासणी झाली तर फारच बरं, कारण गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोकाही यांना जास्त.

आता मायलेकी मगरिबनंतर गच्चीवर अर्धा तास भरभर चालतात. चालताना स्नायू साखर वापरतात. सकाळच्या चहा-खारीऐवजी अंडं-भाकरी आली. दावतीला बिर्याणी आहेच, फक्त दुसरी प्लेट नाही. हिला वजन घटवायची गरज नव्हती. पण ज्यांचं सत्तर किलो आहे, त्यांचं साडेतीन-चार किलो उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो. मेटफॉर्मिन चालू असेल तर रमजानआधी सहेरी-इफ्तारच्या वेळा सांगून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा.

परवा अम्मीने विचारलं, “आपा, ते ग्लुकोजचं पाणी मीही पिऊ का?” तिच्या दोन्ही भावांना शुगर आहे. म्हटलं, डॉक्टरांना विचारा आणि सोमवारी उपाशीपोटीच लॅबमध्ये जा.