टक, टक, टक... टण!



परवा चौथीच्या वर्गात एक गंमत केली. मुलांना डोळे मिटायला सांगितले आणि टेबलावर पट्टी वाजवू लागले. टक, टक, टक... आणि मध्येच डब्याच्या झाकणावर टण! लगेच सगळ्यांच्या माना वर. "बाई, हा आवाज वेगळा होता!"

असा वेगळा आवाज नीट लक्ष देऊन ऐकला, की साधारण तीन-दशांश सेकंदाने मेंदूत विजेची एक लाट उठते. वीज म्हटल्यावर घाबरू नका हं! पेन्सिल सेलमध्ये १.५ व्होल्ट असतात. डोक्याच्या कातडीवर पोचणारी मेंदूची वीज सहसा त्याच्या दहा हजाराव्या भागाएवढीही नसते.

मग ती मोजायची कशी? आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला तुम्ही मोठाल्या तबकड्या पाहिल्या असतील. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओलहरी टिपतात. तशाच, पण बटणाएवढ्या चकत्या डोक्याला चिकटवतात आणि मेंदूच्या लहरींचा आलेख काढतात. त्याला म्हणतात ई. ई. जी. माणसाच्या मेंदूचा असा आलेख १९२४ साली जर्मनीतील हान्स बर्गर या डॉक्टरांनी पहिल्यांदा घेतला. यात काहीही दुखत नाही.

एका 'टण'ची लाट इतर लहरींत हरवून जाते. म्हणून तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकवतात आणि सरासरी काढतात. बघा, गणितातली सरासरी कुठे उपयोगी पडते ती!

स्किझोफ्रेनिया नावाचा एक मानसिक आजार आहे. जगात सुमारे ३०० माणसांत एकाला तो असतो. त्यात कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, उगाच संशय येतो. अशा बऱ्याच रुग्णांचे आलेख एकत्र पाहिले, तर ती 'टण'ची लाट सरासरीने लहान दिसते. म्हणजे ही ना भूतबाधा, ना सोंग. मात्र नुसता आलेख पाहून एखाद्याला हा आजार आहे असे ठरवता येत नाही. डॉक्टर रुग्णाशी, घरच्यांशी बोलूनच ते ठरवतात. फिट्सचा आजार तर नाही ना, हे पाहायला ई. ई. जी. काढतात.

मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्यापाशी थांबली. (तिला विचारूनच हे लिहिते आहे.) "बाई, माझ्या काकाला असेच आवाज येतात. त्या चकत्या लावून ते काढता येतील का?"

"नाही गं. त्या फक्त ऐकतात. पण औषधांनी आवाज कमी होऊ शकतात."

"आणि पोरं मागं लागतात, खडे मारतात, ते?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. लहानपणी बाजाराच्या दिवशी अशाच एका माणसामागे मीही हसत पळाले होते. ते आठवले.

पालकहो, घरात असे कुणी असेल तर अंगारे-धुपाऱ्यांत वर्षे घालवू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. १४४१६ हा सरकारचा 'टेलि-मानस' फोन आहे, पैसे पडत नाहीत. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी या आजाराबद्दल जागृती करणारी संस्था सुरू केली. २००४ साली याच विषयावर 'देवराई' हा मराठी चित्रपट आला. घरातल्या मोठ्यांनी तो जरूर पाहावा.

आणि मुलांनो, काकाच्या पुतणीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले, ते तुमच्या भरवशावर. मी म्हणाले, "आपल्या वर्गातला कुणीही आता खडा उचलणार नाही." माझा शब्द राखाल ना?

तुमच्या,
बाई