‘अनामिक’ आजी

एम. ए.च्या लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हटकून असतो : ‘लोकसाहित्याची व्याख्या सांगून त्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.’ विद्यार्थी उत्तर पाठ करून येतात. मौखिकता, परंपरा, समूहनिर्मिती आणि अनामिकता ही चार कलमे आली की आम्ही प्राध्यापक गुण देऊन मोकळे होतो. मीही वर्षानुवर्षे तेच करत आलो. चौथ्या कलमाविषयी मला शंका येऊ लागली ती एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पामुळे.

तिने जात्यावरच्या चाळीस ओव्या जमवल्या होत्या. माहेर, भाऊराया, पंढरी, सासुरवास असे वर्गीकरण होते. कठीण शब्दांचे अर्थ होते. मुखपृष्ठावर संकलक म्हणून तिचे नाव होते, मार्गदर्शक म्हणून माझे. ओव्या सांगणाऱ्या बाईचे नाव मात्र कुठेच नव्हते. तोंडी परीक्षेत विचारले तेव्हा कळले, की सगळ्या ओव्या तिच्या आजीच्या. ‘मग आजीचे नाव का नाही लिहिलेस?’ ती गोंधळली. म्हणाली, ‘सर, लोकसाहित्य अनामिक असतं ना?’

उत्तर चुकले नव्हते. ते मीच शिकवले होते.

अनामिकतेची कल्पना निराधार आहे असे माझे म्हणणे नाही. तोंडोतोंडी फिरलेल्या ओवीचा पहिला कर्ता शोधणे बहुधा अशक्यच. पण कर्ता ठाऊक नसणे वेगळे आणि गाणारी समोर बसलेली असताना तिचे नाव न विचारणे वेगळे. खुंटा धरून, मूठ मूठ वैरण घालत गाणारी बाई परंपरेतून आलेल्या ओवीत आपल्या भावाचे, लेकराचे, गावाचे नाव गुंफते. एखादी ओळ बदलते, एखादी नवी जोडते. या निर्मितीला ‘समूहाची’ म्हणून आपण तिचा वाटा परस्पर नाहीसा करतो.

याहून वेगळे काम होऊ शकते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. तिथे ओवीसोबत गायिकेचे नाव असते, गाव असते, जात आणि व्यवसायही असतो. त्यात डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. म्हणजे ओवी केवळ ‘प्राचीन ठेवा’ नाही. विसाव्या शतकातल्या बाईने आपल्या काळाला दिलेले ते उत्तरही आहे. कोण गाते आहे हे ठाऊक नसेल, तर त्या उत्तराचा अर्थ अर्धाच लागतो.

दुर्गाबाई भागवतांचे ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ १९५६ साली आले. त्या वेळी या विषयाची चौकट उभी करणे हेच मोठे काम होते. आपण मात्र चौकटीलाच अभ्यास समजून बसलो. दरम्यान गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि दळण घराबाहेर गेले. आता जाते फिरते ते बहुधा लग्नातल्या हळदीपुरते. ज्यांनी पहाटे उठून दळले, त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलामुलींच्या घरी त्या आहेत, आणि मुले मात्र परीक्षेसाठी बाजारातले गाइड वाचत आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार झालेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक मिळाले आहेत. ही सोय लोकसाहित्याने कामी आणावी. प्रत्येक प्रकल्पात सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि ओवी कुणाकडून शिकली याची नोंद असावी. आवाज ध्वनिमुद्रित व्हावा, त्यासाठी हातातला मोबाइल पुरेसा आहे. छापण्यापूर्वी मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवावा. सासरविषयीची एखादी ओवी आपल्या नावाने जाऊ नये, असे एखाद्या आजीला वाटेल. तेव्हा नाव जरूर झाकावे. पण तो निर्णय तिचा असावा, आपल्या व्याख्येचा नव्हे.

त्या विद्यार्थिनीने प्रकल्प परत नेला आणि आठवड्याने आणून दिला. मुखपृष्ठावर आता तीन नावे होती, सर्वांत वर आजीचे. ओव्याही चाळीसच्या त्रेपन्न झाल्या होत्या. नाव विचारायला ती गेली, तेव्हा आजीला आणखी आठवल्या.