‘अडविले’ म्हणजे काय?

राष्ट्राच्या संरक्षणाचा प्रश्न हा तज्ज्ञांचा प्रश्न आहे, सामान्य नागरिकाने त्यात डोके घालू नये, असे मानणारे लोक आपल्याकडे थोडे नाहीत. या समजुतीत तथ्याचा अंश आहे. कोणती तोफ कोठे ठेवावी आणि कोणते क्षेपणास्त्र केव्हा सोडावे, हे वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून ठरत नसते आणि ठरूही नये. परंतु संरक्षणाच्या नावाने जे शब्द लोकांच्या कानांवर घातले जातात, त्यांचा अर्थ काय, हे विचारण्याचा अधिकार मात्र नागरिकाचाच आहे. त्या शस्त्रांचा खर्च त्याच्या खिशातून होतो आणि शत्रूचा बाँब पडलाच तर तो त्याच्याच छपरावर पडावयाचा असतो. हा अधिकार बजावण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हांस वाटते.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी ‘सुदर्शनचक्र’ या नावाच्या संरक्षणयोजनेची घोषणा केली. देशातील महत्त्वाची लष्करी ठिकाणे, त्याचप्रमाणे रुग्णालये, रेल्वे, श्रद्धास्थाने यांसारखी नागरी ठिकाणे २०३५ पर्यंत या कवचाखाली आणावयाची, असा तिचा संकल्प आहे. त्यानंतर आठच दिवसांनी, २३ ऑगस्टला, ओडिशाच्या किनाऱ्यावर एका नव्या हवाई संरक्षणव्यवस्थेची चाचणी झाली आणि वाचकांपुढे अक्षरांची एक रांगच येऊन उभी राहिली : आय. ए. डी. डब्ल्यू. एस., क्यू. आर. सॅम, व्ही-शोराड्स! यांतील पहिले नाव सबंध व्यवस्थेचे. दुसरे, लक्ष्य दिसताच जमिनीवरून झटपट आकाशात झेपावणाऱ्या क्षेपणास्त्राचे. तिसरे, अगदी जवळच्या टप्प्यातील लक्ष्य टिपणाऱ्या लहान क्षेपणास्त्राचे. या दोहोंच्या जोडीला लेसर किरणांनी मारा करणारे एक हत्यार होते. हे सारे चार साध्या वाक्यांत सांगता येण्यासारखे होते. १९८३ साली हाती घेतलेल्या क्षेपणास्त्र-योजनेतील पृथ्वी, अग्नी, त्रिशूळ, आकाश आणि नाग ही नावे खेड्यातल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ झाली होती. त्याच पोराच्या मुलाला आजची नावे उच्चारताही येत नाहीत, मग अर्थ कळणे दूरच राहिले.

आद्याक्षरांवर आमचा राग नाही. रणांगणावर, जेथे एका श्वासात आज्ञा द्यावी लागते, तेथे लांबलचक नावाचा उच्चार करीत बसणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. सैनिकाला आखूड शब्द हवेत आणि ते त्याला मिळालेच पाहिजेत. आमची तक्रार निराळी आहे. सैनिकाच्या सोयीसाठी जन्मलेले हे शब्द जेव्हा राज्यकर्त्यांच्या तोंडी येतात आणि तेथून आमच्या मथळ्यांत उतरतात, तेव्हा त्यांचे काम बदलते. जे थोडक्यात सांगण्यासाठी होते, ते न सांगण्यासाठी वापरले जाऊ लागते.

सुदर्शनचक्राची उभारणी अजून व्हावयाची आहे. म्हणून ज्या देशात या परिभाषेचा मोठा भाग घडला, त्या अमेरिकेचा अनुभव पाहणे बोधप्रद ठरेल. ‘थाड’ नावाचे तेथील क्षेपणास्त्रविरोधी अस्त्र प्रसिद्ध आहे. त्या नावातील पहिले अक्षर आरंभी ‘थिएटर’ या शब्दाचे, म्हणजे रणक्षेत्राचे होते. २००४ मध्ये तेच अक्षर ‘टर्मिनल’ या शब्दाचे, म्हणजे शत्रूच्या अस्त्राच्या प्रवासाच्या अखेरच्या टप्प्याचे झाले. अक्षरे तीच राहिली, अर्थ मात्र पालटला, आणि नुसती अक्षरे वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. १९८२ साली अध्यक्ष रेगन यांनी एका नव्या आंतरखंडीय क्षेपणास्त्राला ‘पीसकीपर’, म्हणजे शांतिरक्षक, असे नाव दिले. हा शांतिरक्षक दहा अण्वस्त्रे दहा वेगवेगळ्या लक्ष्यांवर नेऊन टाकण्यास समर्थ होता. नाव ठेवणाऱ्याने आपल्या अस्त्राला गोड नाव द्यावे, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे. त्या नावावर विसंबून ऐकणाऱ्याने निश्चिंत व्हावे, हे मात्र शहाणपणाचे नव्हे.

ही झाली नावांची गोष्ट. याहून गंभीर प्रकार घडतो तो क्रियापदांच्या बाबतीत. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने सौदी अरेबियावर आणि इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रे डागली आणि अमेरिकेची ‘पेट्रियट’ अस्त्रे त्यांच्यावर सोडण्यात आली. १५ फेब्रुवारी रोजी अध्यक्ष बुश यांनी पेट्रियट तयार करणाऱ्या कारखान्याला भेट दिली आणि ४२ स्कडांपैकी ४१ अडविली गेल्याचे तेथे अभिमानाने जाहीर केले. साऱ्या जगाने याचा अर्थ असा घेतला की, एकेचाळीस क्षेपणास्त्रे आकाशातच नष्ट झाली. पुढे एप्रिल १९९२ मध्ये लोकप्रतिनिधींच्या समितीने या आकड्याची चौकशी आरंभिली. तेव्हा लष्कराच्या अधिकाऱ्याने खुलासा केला तो असा की, अध्यक्ष ‘नष्ट केली’ असे म्हणालेच नव्हते. ‘अडविली’ म्हणजे पेट्रियटची वाट आणि स्कडची वाट आकाशात एकमेकींना छेदून गेल्या, एवढेच! अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने त्याच वर्षी अहवाल दिला. स्कडचे स्फोटक टोक खरोखर निकामी झाले, असे सबळ पुराव्यानिशी सांगता येण्याजोगे प्रसंग सुमारे ९ टक्केच आहेत, असे त्यात नमूद आहे. उरलेले सारे प्रसंग अपयशाचे होते असे नव्हे. त्यांच्याविषयी तितका भक्कम पुरावा नव्हता, इतकेच. परंतु एकेचाळीस आणि नऊ टक्के यांच्यामधली दरी एका शब्दाने झाकली होती, हे नाकारता येणार नाही.

संदिग्ध शब्दाने केवळ अब्रू जाते असे नाही, माणसेही जातात. अध्यक्षांच्या त्या भाषणानंतर दहाच दिवसांनी, २५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री, सौदी अरेबियातील धाहरान येथे एक स्कड अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर येऊन आदळले आणि २८ सैनिक ठार झाले. तेथील पेट्रियट सुटलेच नाही. कारण साधे होते. त्याचा गणकयंत्रातील काळ एक-दशांश सेकंदाच्या हिशेबाने मोजला जाई. आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहू गेल्यास ०.३३३ हा आकडा संपता संपत नाही, हे शाळेतला मुलगाही जाणतो. गणकयंत्राच्या द्विमान पद्धतीत एक-दशांशाची तीच गत होते. आकडा कोठेतरी तोडावा लागतो आणि अत्यल्प चूक राहते. यंत्र चालू राहील तसतशी ती चूक साचत जाते. शंभर तासांनंतर ती सुमारे एक-तृतीयांश सेकंदाची झाली, आणि तेवढ्या अवधीत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर तोडते. रडार शोधीत राहिले एकीकडे आणि मृत्यू आला दुसरीकडून.

परंतु आमच्या विषयाशी निगडित आहे ती यापुढची हकिकत. हा दोष कोणास ठाऊकच नव्हता असे नाही. सलग आठ तास चालल्यावर यंत्राचा नेम ढळू लागतो, अशी माहिती इस्रायलने ११ फेब्रुवारीलाच पुरविली होती. २१ फेब्रुवारीला पेट्रियट वापरणाऱ्या तुकड्यांना सूचनाही गेली. ‘फार वेळ’ यंत्र चालू ठेवल्यास नेम ढळू शकतो, असे त्या सूचनेत म्हटले होते. फार वेळ म्हणजे किती, हे मात्र त्यात लिहिले नव्हते! इतका वेळ कोणी यंत्र चालू ठेवणार नाही, असे सूचना धाडणाऱ्यांनी गृहीत धरले. धाहरानच्या तुकडीने ते शंभर तास चालू ठेवले. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे हे एक-दीड मिनिटाचे काम होते. तेवढ्याने घड्याळ पुन्हा शून्यावर आले असते. दोषाची दुरुस्ती धाहरानला पोहोचली ती २६ फेब्रुवारीस, म्हणजे दुसऱ्या दिवशी. ‘फार वेळ’ या दोन शब्दांच्या जागी ‘आठ तास’ हे दोन शब्द असते, तर कदाचित अठ्ठावीस घरांवर तो प्रसंग आला नसता. भाषेची काटेकोरी ही पंडितांची हौस आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पदरास गाठ मारून ठेवावे.

आकड्यांचाही असाच मोह पडतो. समजा, एक अस्त्र शंभरातली ऐंशी लक्ष्ये पाडते आणि प्रत्येक लक्ष्यावर अशी दोन अस्त्रे सोडली. पहिल्या फेरीत शंभरातली वीस निसटतील, दुसरीत त्या विसांतली चार. मथळा असा येईल की, संरक्षणव्यवस्थेला ९६ टक्के यश! परीक्षेत एवढे गुण मिळविणाऱ्या मुलाची आम्ही मास्तर असताना पाठ थोपटली असती. परंतु येथे उरलेल्या चार गुणांचा अर्थ चार क्षेपणास्त्रे शहरावर येऊन पडली, असा होतो. आणि त्यांतील एकावर जरी अणुबाँब असेल, तरी शहाण्णवाचे कौतुक करावयास त्या शहरात कोणी उरणार नाही. अस्त्राच्या अचूकतेचे जे माप शास्त्रज्ञ सांगतात, तेही असेच आहे. डागलेल्या अस्त्रांपैकी निम्मी ज्या वर्तुळात पडतात, त्याची ती त्रिज्या असते. उरलेली निम्मी वर्तुळाबाहेर पडतात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

हे सारे सांगण्याचा हेतू आपल्या शास्त्रज्ञांच्या पराक्रमाला उणेपणा आणण्याचा नाही. २००६ च्या नोव्हेंबरात उंच आकाशात आणि २००७ च्या डिसेंबरात त्याहून खालच्या थरात, येणारे क्षेपणास्त्र टिपण्याच्या चाचण्या त्यांनी करून दाखविल्या. बंदुकीच्या गोळीहूनही वेगाने येणाऱ्या वस्तूला हवेतच गाठणे ही मोठी विद्या आहे. परंतु कवच म्हणजे अभेद्य कवच, असा समज पसरला तर त्याची किंमत कोण देईल? ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. महाराष्ट्रात त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत मुंबई, उरण, तारापूर यांचा समावेश होता. भोंगा वाजला की आडोशाला जावयाचे, हा त्या सरावाचा धडा. वर कवच आहे, मग तळघरात कशाला जावे, असे ज्या नागरिकाला वाटू लागेल, त्याला त्या कवचाच्या नावानेच दगा दिला असे म्हणावे लागेल. इस्रायलमध्ये २०११ पासून ‘आयर्न डोम’ ही व्यवस्था कार्यरत आहे. तरीही तेथे भोंगे वाजतात आणि माणसे सुरक्षित खोल्यांकडे धावतात. पाडलेल्या अस्त्राचे तुकडेही कोणाच्या तरी डोक्यावर पडतच असतात.

मग उपाय कोणता? संस्कृत प्रतिशब्द घडविणे हा एक उपाय सुचविला जाईल. आमच्या परंपरेत त्याला मोठा आधार आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, त्याच्या दहा वर्गांत शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग आणि दुर्गवर्ग यांस स्थान आहे. राज्य उभे करणाऱ्याला लष्करी शब्दांची निगा राखणे हेही राज्यकार्यच वाटले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु आज केवळ प्रतिशब्दाने भागणार नाही. ‘इंटरसेप्ट’च्या जागी ‘अवरोधन’ लिहिले, तरी वाटा छेदल्या की अस्त्र फुटले, हा प्रश्न जागच्या जागीच राहतो. इंग्रजी पडद्याऐवजी संस्कृत पडदा टांगला, इतकाच काय तो फरक. हवा आहे तो अर्थ.

म्हणून आमचे सरकारला सांगणे एवढेच की, चाचणीची किंवा प्रत्यक्ष लढाईतील यशाची घोषणा करताना चार गोष्टी साध्या भाषेत सांगाव्या. लक्ष्य नष्ट झाले की नुसते गाठले गेले? चाचणीत ते केव्हा आणि कोठून येणार हे आधी ठाऊक होते काय? एका वेळी किती लक्ष्ये होती? आणि ‘संरक्षित’ म्हणजे नक्की कशापासून संरक्षित? अस्त्रांचा साठा, रडारांच्या जागा, यंत्रांच्या मर्यादा ही गुपिते आहेत आणि ती गुप्तच राहोत. शब्दाचा अर्थ हे मात्र लोकशाहीत गुपित असू शकत नाही.

दोषाचा वाटा आमचाही आहे. अधिकृत पत्रकातील अक्षरे आम्ही जशीच्या तशी छापीत आलो आणि अर्थ विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत. यापुढे या पत्रात असे आद्याक्षर त्याच्या मराठी अर्थाशिवाय येणार नाही. ‘अडविले’ असे कोणी सांगितले, तर अडविले म्हणजे काय केले, हे आम्ही विचारू. आणि उत्तर मिळाले नाही, तर ते मिळाले नाही असे छापू. वाचकांनीही आमच्याकडून एवढी अपेक्षा हक्काने ठेवावी.