विमा कंपनीच्या डॉक्टरांपुढे जाताना

न्यूयॉर्क राज्यात नोकरी करणाऱ्या आपल्या सभासदांपैकी कोणास कामावर असताना इजा झाली, तर रुग्णालय, घरची धावपळ आणि कचेरीतील कागदपत्रे यांतून तो सावरतो न सावरतो तोच विमा कंपनीचे पत्र येऊन थडकते, की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, कंपनीने नेमलेल्या डॉक्टरांपुढे तपासणीसाठी हजर व्हावे. येथे या तपासणीस 'इंडिपेंडंट मेडिकल एक्झामिनेशन' आणि बोलण्यात नुसते 'आयएमई' म्हणतात. अशी पत्रे आपल्याही काही घरांत आली, आणि 'डॉक्टरांकडेच तर जायचे, त्यात तयारी ती कसली?' असे म्हणून ती बाजूला ठेवली गेली, हे कानी आल्यावर या विषयावर सविस्तर लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटले.

ज्या कायद्याच्या आधारे हे पत्र येते, तो सहजासहजी झालेला नाही. 1910 साली या राज्याने कामगारांच्या नुकसानभरपाईचा पहिला सक्तीचा कायदा केला आणि 24 मार्च 1911 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो घटनाबाह्य ठरविला. दुसऱ्याच दिवशी मॅनहॅटनमधील ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यास आग लागली आणि 146 जीव गेले. त्यांत बहुसंख्य परदेशांतून पोटासाठी आलेल्या तरुण मुली होत्या, आणि बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. त्यानंतर 1913 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि 1914 मध्ये नवा कायदा अमलात आला. त्यातील व्यवहार असा, की कामगाराने सामान्यतः मालकावर फिर्याद करावयाची नाही आणि त्याबदल्यात, चूक कोणाची याची चौकशी न करता, त्याला औषधोपचार व बुडालेल्या वेतनाचा काही भाग मिळावयाचा. दोष कोणाचा हा प्रश्न असा निकालात निघाल्यामुळे वादाचा सारा भार येऊन पडतो तो इजा कामावरच झाली काय, आणि तिच्यामुळे मनुष्य कितपत असमर्थ झाला, या दोन प्रश्नांवर. आणि त्यांची उत्तरे डॉक्टरांच्या लेखणीतून येतात.

गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना हा प्रकार अगदीच अपरिचित नसावा, कारण हिंदुस्थानच्या 1923 च्या कामगार-नुकसानभरपाईच्या कायद्यातही अपघाताची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने कामगाराची मोफत वैद्यकीय तपासणी करवून घेण्याची तरतूद होती.

या तपासणीचे मोल आकड्यांत पाहावे. येथे साप्ताहिक भरपाई सरासरी वेतनाच्या दोन-तृतीयांश धरून तिला असमर्थतेच्या टक्केवारीने गुणतात, आणि वर कमाल व खाली किमान मर्यादा असते. या मर्यादा बाजूस ठेवून नुसता गुणाकार पाहिला, तर आठवड्यास 900 डॉलर मिळविणारा मनुष्य पूर्ण असमर्थ ठरला तर 600 डॉलर, आणि निम्मा असमर्थ ठरला तर 300. आपले डॉक्टर एक सांगतात आणि विमा कंपनीचे डॉक्टर दुसरे, असा मतभेद झाला म्हणजे भरपाईचे दावे चालविणारे न्यायाधीश दोन्ही अहवाल पाहून निवाडा करतात. म्हणूनच हे पक्के ध्यानी ठेवावे, की ते डॉक्टर आपल्यावर उपचार करण्यासाठी नेमलेले नसून अहवाल लिहिण्यासाठी नेमलेले आहेत. ते सज्जन आणि निष्णात असू शकतात. तरीही आपली प्रकृती सुधारणे हे त्यांचे त्या दिवशीचे काम नव्हे.

येथे आपला मराठी स्वभाव आपल्याच मुळावर येतो. 'कसे आहात?' असे विचारताच 'ठीक आहे' हे उत्तर ओठांवर तयार असते, आणि रात्री पाठीच्या कळेने तीनदा उठणारा, मुलीला कडेवर घेता न येणारा, दुकानातील तांदळाची पिशवी शेजाऱ्याकडून उचलवून घेणारा गृहस्थ मोठ्यांपुढे कुरकुर करू नये या संस्काराने मान डोलावून मोकळा होतो. अहवालात मात्र 'रुग्णास विशेष तक्रार नाही' अशी नोंद होते, आणि ती पुसून काढणे महाकठीण जाते. याउलट कोणाच्या सल्ल्याने कण्हणे, लंगडणे वाढवून दाखविणे हेही तितकेच घातक आहे. डॉक्टर कोनमापकाने सांध्याची हालचाल मोजतात, निजलेल्या स्थितीत पाय सरळ उचलून पाहतात आणि मग बोलता बोलता तोच पाय बसलेल्या स्थितीत सरळ करवितात. बुटाची नाडी कशी बांधली, कोट कसा चढविला, हेही त्यांच्या दृष्टीतून सुटत नाही. जितके दुखते तितकेच, आणि जेथे दुखते तेथेच सांगावे.

आदल्या दिवशी अर्ध्या पानावर आपली हकीकत लिहून काढावी: इजा कोणत्या तारखेस, कशी झाली, कोणते उपचार झाले, औषधे कोणती चालू आहेत, आणि आज कोणते काम किती वेळ करता येते. 'जड उचलता येत नाही' यापेक्षा 'दुधाचा गॅलनचा डबा डाव्या हाताने उचलता येत नाही' हे सांगणे अधिक उपयोगी. जुनी दुखणी लपवू नयेत. ती बहुधा दप्तरात आधीच नमूद असतात, आणि लपविलेले एक दुखणे साऱ्या जबानीवरचा विश्वास उडविते.

कायद्याने दिलेले हक्कही माहीत हवेत. तपासणीची सूचना किमान सात कामकाजाचे दिवस अगोदर मिळाली पाहिजे. आपल्या पसंतीची एक व्यक्ती सोबत नेण्याची आणि तपासणीचे ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण करण्याची मुभा आहे. प्रवासखर्च मागता येतो. आणि अहवालाची प्रत विमा कंपनीस जाते त्याच दिवशी, त्याच मार्गाने आपल्यालाही धाडली गेली पाहिजे. विनाकारण गैरहजर राहिल्यास मात्र भरपाई तहकूब होऊ शकते. तपासणी कधी सुरू झाली, कधी संपली आणि काय काय पाहिले, हे सोबत्याने त्याच संध्याकाळी टिपून ठेवावे. वकिलाच्या शुल्काच्या धास्तीने कोणी एकटे राहू नये, कारण ते आगाऊ द्यावे लागत नाही आणि भरपाई मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या संमतीवाचून वकिलास ते घेता येत नाही.

न्यू जर्सी वा कनेक्टिकटमध्ये नोकरी असणाऱ्यांनी आपापल्या राज्याचे नियम स्वतंत्रपणे विचारून घ्यावेत. ज्या सभासदांना दुपारचा वेळ आहे, गाडी आहे आणि इंग्रजी व मराठी दोन्ही भाषांत शांतपणे टिपण घेता येते, त्यांनी अशा प्रसंगी सोबत जाण्यासाठी आपली नावे कार्यकारिणीकडे नोंदवावीत, ही आग्रहाची विनंती. आणि ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल, त्यांनी संकोच न करता ते आजच कोणास तरी दाखवावे.