सातशे एकोणपन्नास डॉलर

पेढीवर माल उतरविताना हमालाचा हात जायबंदी झाला, तर औषधपाण्याचा खर्च बहुतेक मालक विनातक्रार देतात. मन बिघडते ते त्याने भरपाईचा रीतसर अर्ज केल्यावर. ‘आता हा नको’ हा विचार तेव्हाच डोकावतो. त्या विचाराची किंमत काय, याचा उत्तम ऊहापोह अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली केला.

मोटोरोला कंपनीतील एका कामगार स्त्रीचा अंगठा १९७३ साली कामावर कापला. भरपाईचा दावा चालविणाऱ्यांना काढून टाकले जाते, असे तिला बजावण्यात आले. तिने दावा सोडला नाही, नोकरी गेली. मुदतीचा करार नसेल तर नोकराला केव्हाही काढता येते, हा तेथील रूढ नियम. न्यायालयाने मात्र या प्रसंगी तो मानला नाही. भरपाईचा कायदा हा एक सौदा आहे. मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला ठरावीक रक्कम मिळते. बदल्यात तो मोठ्या नुकसानीचा दावा लावण्याचा हक्क सोडतो. मालकाने आपला लाभ पदरात पाडून घ्यायचा आणि कामगाराने त्याचा मागताच त्याला घरचा रस्ता दाखवायचा, हे सौद्यात बसत नाही.

दुसरी नोकरी लागेपर्यंत तिचे बुडालेले वेतन भरले ७४९ डॉलर. एवढी रक्कम कोणत्याही कंपनीच्या वहीत किरकोळ खर्चात सामावते. म्हणूनच ज्यूरीने दंडात्मक भरपाई म्हणून आणखी २५,००० डॉलर ठरविले होते, आणि असा धाक नसेल तर मालकाला रोखणारे फारसे काही उरत नाही, हे न्यायालयानेही मान्य केले. दंडव्याज नाममात्र असले की हप्ता थकविणेच स्वस्त वाटते, हे बँकेत आम्ही नित्य पाहत असू.

तथापि नियम नवा, म्हणून दंडात्मक भरपाई पुढील प्रकरणांपुरतीच ठेवली गेली. त्या बाईंना २५,००० मिळालेच नाहीत. तर्क समजतो, पण मला तो पुरता पटत नाही. ताकीद देणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे ठाऊक होतेच.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, १९७१ च्या कायद्याने सूडबुद्धीची बडतर्फी अनुचित कामगार प्रथांत घातली. कामावर परत घेऊन मागील वेतन देण्याचा आदेश त्याखाली होऊ शकतो. महिना १५,००० रुपये पगार, खटला चार वर्षे आणि पूर्ण वेतनाचा आदेश, असे धरले तर ७,२०,००० रुपये होतात. कामगार भरपाईच्या विम्यातून अपघाताची रक्कम मिळते. ही मिळत नाही.