दुर्बल हृदयाने किती चालावे?

गेल्या अंकात बँकेच्या लॉकरचे नामनिर्देशन या विषयावर लिहिले होते. त्यावर बरेच फोन आले; पण अंधेरीच्या एका वाचक भगिनींचा फोन लॉकरविषयी नव्हता. "काका, तुम्ही स्वतः हृदयाचे रुग्ण आहात असे मागे एकदा लिहिले होते, म्हणून विचारते," अशी त्यांनी सुरुवात केली. त्यांचे वडील अडुसष्ट वर्षांचे. हार्ट फेल्युअरमुळे आठ दिवस रुग्णालयात राहून नुकतेच घरी आले होते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर औषधांच्या यादीखाली एक ओळ होती : रोज चालावे, हळूहळू वाढवावे. आईला ती ओळ मान्य नव्हती. ज्याला अंघोळ करतानाही धाप लागते, त्याला चालायला कसे लावायचे, हा तिचा प्रश्न. वडील स्वतःही घाबरलेले. पलंग आणि आरामखुर्ची एवढीच त्यांची ये-जा. "आईचे खरे की कागदाचे?" असे त्या भगिनींनी मला विचारले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्यकाचा नव्हे. परंतु गेली चार वर्षे हा आजार माझ्या घरी मुक्कामाला आहे आणि त्याचा हिशेब मी रोज एका वहीत लिहितो. त्या अधिकारात, व डॉक्टरांशी बोलून पडताळलेल्या गोष्टींच्या आधारे हा लेख.

प्रथम नावाविषयी. हार्ट फेल्युअर म्हटले की हृदय बंद पडले, असाच अर्थ आपल्या कानाला लागतो. प्रत्यक्षात हृदय चालूच असते. फक्त शरीराला हवे तितके रक्त पुढे ढकलण्यात ते उणे पडते. त्यामुळे फुप्फुसांत व पायांत पाणी साठते, धाप लागते, थकवा येतो. हा आजार काही महिन्यांत आटोपणारा नाही, तो सोबत राहतो. केरळमध्ये तिरुवनंतपुरम येथे २०१३ साली रुग्णालयात दाखल झालेल्या अशा १२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ च्या आसपास होते. म्हणजे निवृत्तीचा सत्कार होतो न होतो तोच हा पाहुणा दारात उभा. माझे तसेच झाले.

त्या भगिनींच्या आईंना मी दोष देऊ शकत नाही, कारण एकेकाळी मी स्वतः त्यांच्याच बाजूचा होतो. १९८६ साली माझ्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, हाच आजार झाला. घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर त्यांचे घर; इमारतीला लिफ्ट नव्हती. संपूर्ण विश्रांती, असा त्या काळचा सल्ला होता आणि आम्ही तो भक्तिभावाने पाळला. अण्णांना गॅलरीत खुर्ची घालून दिली. पाणी हातात, ताट समोर. एकदा ते म्हणाले, "खालच्या मंदिरापर्यंत तरी जाऊन येऊ दे रे मला." मीच म्हणालो, "नको अण्णा, जिना आहे." दोन वर्षांत त्यांच्या पोटऱ्या काठीसारख्या झाल्या. शेवटी शेवटी खुर्चीतून उठतानाही त्यांना धाप लागे आणि आम्ही समजत असू की हृदय आणखी बिघडले. १९८८ च्या दिवाळीनंतर अण्णा गेले. विश्रांतीत आम्ही कुठे कसूर केली नव्हती, याचेच त्या वेळी समाधान वाटले होते.

त्याच १९८८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. अत्यंत दुर्बल हृदयाच्या मोजक्या रुग्णांना त्यांनी देखरेखीखाली काही महिने व्यायाम दिला होता. त्या रुग्णांची श्रम करण्याची ताकद वाढली, आणि ती वाढण्याचे बरेचसे कारण हृदयात नव्हे, तर पायांच्या स्नायूंत सापडले. स्नायू निजून राहिले की ते झिजतात. रक्तातून येणारा प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता घटते आणि मग थोड्याशा हालचालीनेही दम लागतो. म्हणजे धाप लागते म्हणून माणूस बसतो, आणि बसतो म्हणून आणखी धाप लागते. अण्णांच्या काठीसारख्या पोटऱ्यांचा अर्थ मला हे कळल्यावर लागला. तोवर तीस वर्षे उलटून गेली होती.

पुढे याच प्रश्नावर एक मोठी चाचणी झाली. अमेरिका, कॅनडा व फ्रान्स या देशांतील २३३१ रुग्ण तीत होते. सर्वांची हृदये दुर्बल, म्हणजे टू-डी इकोच्या अहवालात जो इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा असतो तो ३५ किंवा त्याहून कमी. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्यांच्या जोडीला व्यायाम : प्रथम देखरेखीखाली ३६ सत्रे, नंतर घरच्या घरी. २००९ साली निष्कर्ष आले. व्यायामाने धोका वाढला नाही, ही पहिली मोठी गोष्ट. मृत्यू व रुग्णालयात दाखल होणे यांत झालेली घट मात्र माफकच होती. ती सांगताना आकडे फुगवण्यात अर्थ नाही. स्पष्ट फरक दिसला तो दैनंदिन जगण्यात, आणि तो पहिल्या तीन महिन्यांतच दिसला. अनेकांना व्यायामाचे ठरलेले प्रमाण गाठता आले नाही, हेही त्या अभ्यासाने नोंदवले आहे. ते वाचून मला दिलासा वाटला, कारण मलाही अनेकदा गाठता येत नाही.

आता प्रत्यक्ष चालण्याकडे येतो. माझी सुरुवात रुग्णालयाच्या एका लांब, सपाट व्हरांड्यात झाली. तेथे सहा मिनिटांची चाल-चाचणी घेतली. जमिनीवर तीस मीटर अंतरावर दोन खुणा. त्यांच्या मध्ये सहा मिनिटे आपल्या बेताने ये-जा करायची, थकल्यास थांबायचे, पण घड्याळ थांबत नाही. शेवटी एकूण अंतर मोजतात. माझे २८० मीटर भरले. एवढे तर मी पूर्वी मुलुंड स्थानकावर गाडी पकडताना फलाटावरच चालत असे! फिजिओथेरपिस्ट मुलीने आकडा कागदावर लिहिला व म्हणाली, "ही तुमची आरंभीची शिल्लक." मी बँकेतला, हे तिला कोणी सांगितले होते कोण जाणे.

तिने नेमून दिलेला क्रम साधा होता. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे, दिवसातून तीनदा, तेही घरातल्या घरात आणि मजल्यावरच्या व्हरांड्यात. सुरुवातीचे व शेवटचे मिनिट अगदी संथ. चालता चालता एकदम थांबायचे नाही. दर तीन-चार दिवसांनी एखाद-दुसरे मिनिट वाढवायचे. जेवणानंतर तासभर तरी चालायचे नाही. नाडी मोजत बसू नका, असेही तिने बजावले, कारण बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असली की नाडी वाढतच नाही आणि आकडा फसवतो. त्याऐवजी बोलून पाहायचे. चालताना पूर्ण वाक्य सहज बोलता आले तर वेग बरोबर. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करायचा. गाता आले तर थोडा वाढवायला हरकत नाही. माझ्या बाबतीत शेवटच्या कसोटीचा शेजाऱ्यांना त्रास झाला असता, म्हणून ती टाळली.

व्हरांड्यातून बाहेर पडायला मला दीड महिना लागला. मुलुंड पूर्वेला चिंतामणराव देशमुख उद्यान आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर ज्या नावाने ओळखले जातात त्या नावाच्या बागेत निवृत्त बँकवाल्याने फेऱ्या घालाव्यात, हे मला उगीचच शोभून दिसते. बागेचा खरा गुण म्हणजे सपाट वाट आणि बसायला बाक. आपल्या उपनगरांतील पदपथ या आजाराला फार कठोर आहेत. कुठे खणलेले, कुठे फेरीवाल्यांनी भरलेले, कुठे फूटभर उंच व लगेच खाली. त्यावर चालताना नजर खड्ड्यांत आणि श्वास धुळीत. बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यान लाभले आहे, पण तेथेही कान्हेरीच्या चढाचा मोह आवरावा. प्रवेशद्वारालगतची सपाट वाट आपली. थंडीत भल्या पहाटे धुके व धूर खाली बसलेला असतो, तेव्हा ऊन वर आल्यावर निघणे बरे. पावसाळ्यात इमारतीखालच्या वाहनतळात किंवा व्हरांड्यात. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताच घेरी येते, म्हणून पलंगावरून थेट दाराकडे धावू नये. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. त्याच खुणा, तेच घड्याळ. ३५५ मीटर. टू-डी इकोचा आकडा मात्र जवळपास होता तिथेच होता. वाढले ते पायांचे बळ.

चालण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते न चालणे. येथे मी एकदा ठेच खाल्ली आहे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहावे, असा नियम आहे. पुतण्याच्या लग्नात लोणचे, पापड, फरसाण असे सारे झाले. तीन दिवसांत वजन अडीच किलो वाढले. मिठाईचे असेल, असे म्हणून मी वही मिटली आणि बागेत गेलो. दुसऱ्या फेरीतच वाक्य तुटू लागले. त्या रात्री आडवे होता येईना. उशांना टेकून बसून काढली आणि पुढच्या तीन रात्री रुग्णालयात. ते वजन मिठाईचे नव्हते, पाण्याचे होते. मिठाने धरून ठेवलेल्या पाण्याचे. दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले, घोट्यांवर बोट दाबून खळगा राहू लागला, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर त्या दिवशी बूट घालायचे नाहीत. डॉक्टरांना फोन करायचा. चालताना छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत अनियमित धडधड झाली तर तेथेच बसायचे व मदत मागायची. ताप असेल त्या दिवशीही सुटी.

आपल्या घरांत याला जोडून आणखी एक विषय निघतोच, तो यात्रेचा. बागेत अर्धा तास चालता येऊ लागले की मनात शिखरजी येते. सम्मेद शिखरजीची वंदना म्हणजे सुमारे २७ किलोमीटरची चढ-उतार. शत्रुंजयाला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या. सपाट वाटेवरच्या अर्ध्या तासाने त्याची तयारी होत नाही. मी यंदा जाणार आहे, पण डोलीने, आणि डॉक्टरांना विचारून. बंधुवर्गातील काहींनी नाक मुरडले; त्यांना मी वही दाखवली. उपवासाचेही तसेच : पाणी कमी आणि लघवीची गोळी पूर्ववत, अशा दिवशी रक्तदाब कोसळू शकतो. संकल्प करण्यापूर्वी त्या गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

अंधेरीच्या त्या भगिनींना मी इतकेच सांगितले : कागदाचे खरे आहे, पण आईला बाजूला सारून नाही. पुढच्या भेटीत आईंनाही सोबत न्या. आज किती मिनिटे, कधी थांबायचे आणि औषधांत काही बदल हवा का, हे त्यांच्यादेखतच विचारा. सहा मिनिटांची चाचणी होते का, तेही पाहा. घाबरणारे माणूस समोर बसून ऐकते तेव्हा निम्मी भीती तिथेच उतरते. आमच्याकडे सौ. पहिले चार महिने माझ्यामागे पाण्याची बाटली घेऊन चालत असे. दिवसाला किती पाणी प्यायचे याला मला मर्यादा आहे, हे तिच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला.

मागच्या रविवारी त्यांचा पुन्हा फोन आला. वडील आता फ्लॅटच्या दारापासून लिफ्टपर्यंत आणि परत, अशी चार मिनिटे चालतात, सकाळ-संध्याकाळ. आई घड्याळ हातात धरून शेजारी असते व पावले मोठ्याने मोजते. "पण काका, ती इतक्या जोरात मोजते की बाबांना बोलून पाहायला वावच मिळत नाही," असे त्या हसत म्हणाल्या.

मी म्हटले, मोजायचे काम बाबांकडे द्या.