उष्णता परतवणारे छप्पर

वैशाखात पत्र्याच्या गोदामात पाऊल टाकले की भट्टीजवळ उभे असल्याचा भास होतो. मालक पेढीवर वातानुकूलित खोलीत बसतात. पोती वाहणारे हमाल मात्र दिवसभर त्याच पत्र्याखाली राबतात. वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ते ती खोलीतून काढून गल्लीत, म्हणजे हातगाडी ओढणाऱ्याच्या अंगावर टाकते. आपल्या सुखाचा ताप दुसऱ्या जीवाला व्हावा, हे जयणेत बसत नाही.

निसर्गात याहून सौम्य मार्ग आहे. प्रत्येक पृष्ठभाग अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता सोडत असतो. त्यांपैकी ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण कोरडी, निरभ्र हवा फारसे अडवीत नाही. ते अतिशीत अंतराळात निघून जातात. रात्री गवतावर दव पडते ते यामुळेच. दिवसा मात्र सूर्याची उष्णता या शीतलतेवर मात करते.

म्हणून ऊनच परतवले तर? २०१४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आस्वथ रामन, शान्हुई फॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म थरांचा असा आरसा सिद्ध केला. त्याने ९७ टक्के सूर्यप्रकाश परतवला आणि विजेविना, भर उन्हात, तो भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ५ अंश सेल्सिअसने थंड राहिला. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी ९८.१ टक्के प्रकाश परतवणारा बेरियम सल्फेटचा पांढरा रंग जाहीर केला.

हे तत्त्व आपल्या पायांना केव्हाच उमगले आहे. मंदिराच्या तापलेल्या अंगणात अनवाणी चालताना आपण पांढरा पट्टाच शोधतो. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा थर देण्याचा उपक्रम हाती घेतला; तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांसाठी धोरणच आखले.

साध्या चुन्याला त्या आरशाची सर येणार नाही. दमट, ढगाळ हवेत त्याचा गुण घटतो, धूळ बसली की छप्पर धुवावे लागते, पावसाने चुना निघून जातो. तरीही काळवंडलेल्या पत्र्यापेक्षा पांढरा पत्रा कितीतरी कमी तापतो. दिवाळीला आपण दुकानाच्या भिंती रंगवतो, कारण त्या ग्राहकाला दिसतात. यंदा फाल्गुनात, ऊन चढण्यापूर्वी, कोणालाही न दिसणाऱ्या गोदामाच्या छपरावर पांढरा हात फिरवावा. खातेवहीत तो खर्चाच्या बाजूला पडेल. त्याचा लाभ मात्र त्या पत्र्याखाली राबणाऱ्यांच्या देहाला मिळेल.